मोकळी भिंत होती, सर

दिवाळी अंकाच्या संपादकांनी फोनवर सांगितलं, "पेंटर, गमतीजमती लिहा. वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे." गमतीजमती भरपूर आहेत. शिरूर आणि दौंड तालुक्यांत चाळीस वर्षं ब्रश चालवलेल्या माणसाकडे त्या असायच्याच. दोन-तीन सांगतोही. पण त्यांच्या मागून एक कबुली येणार आहे आणि ती हसण्यासारखी नाही. आधीच सांगून ठेवतो, नाहीतर चकली तोंडात असताना कुणाची फसगत व्हायची.

दुसरी गोष्ट. हा लेख जगातल्या थोर थोर शास्त्रज्ञांबद्दल आहे, पण एकाचंही नाव मी यात लिहिणार नाही. त्यांची नावं घ्यायचा हक्क मी माझ्या हातानं घालवला आहे. तो कसा, हे पुढं कळेलच. आणि जिथं तो घालवला त्या शाळेचं नावही देत नाही. कवठे येमाईच्या अंगाला एक गाव आहे, एवढं पुरे.

माझं नाव मात्र देतो. सुदाम पेंटर, शिरूर. एके काळी या भागातल्या निम्म्या दुकानांच्या पाटीवर खाली उजव्या कोपऱ्यात हे बारीक अक्षरांत असायचं. बोर्ड पेंटरची ही रीतच आहे. पाटी दुकानदाराची, सही आपली. सही बघून पुढचं गिऱ्हाईक येतं. मी कशाकशावर सही केली नाही! खताचं दुकान, रसवंती, ट्रकची मागची फळी, पतसंस्था. एकदा एका समाधीच्या दगडावरसुद्धा सवयीनं सही ठोकली होती, तेव्हा मयताच्या लेकानं मला पुसायला लावली.

मग फ्लेक्स आला. तासाभरात दहा फुटी फोटो छापून मिळायला लागल्यावर हातानं अक्षर काढणाऱ्याला कोण विचारतो? माझ्या बरोबरीचे दोघं-तिघं रांजणगावच्या कंपन्यांत रंगखात्यात लागले. मला तारलं शाळांनी. त्या वेळी 'बोलक्या भिंती' म्हणून टूम निघाली होती. शाळेच्या भिंतीवर पाढे, नकाशे, फुलपाखराचं जीवनचक्र, सुविचार असं सगळं काढून घ्यायचं, म्हणजे पोरं येता-जाता शिकतील. फ्लेक्स ऊन-पावसात फाटतो, भिंत फाटत नाही. त्यामुळे हे काम आमच्याकडे आलं. त्यात ज्या शाळेला प्रयोगशाळेची खोली असे, तिथं शास्त्रज्ञांची रांग ठरलेली.

बाहेरच्यांना वाटतं चेहरा काढणं म्हणजे दैवी देणगी. तसं काही नसतं. छोट्या फोटोवर पेन्सिलीनं चौकोन आखायचे, भिंतीवर तेवढेच मोठे चौकोन आखायचे, आणि एकेका चौकोनातलं जसंच्या तसं मोठं करायचं. नाक काढतोय की डोंगर, हे त्या वेळी आपल्याला कळतही नाही. अक्षरांना खडू लावलेली दोरी ताणून झटका मारायचा, की सरळ रेघ उमटते. अक्षरं त्या रेघेला टांगायची. बाकी सगळा हात.

विस्कटलेल्या पांढऱ्या केसांचे आजोबा मी किमान चाळीस शाळांत काढले असतील. मला ते डोळे मिटून काढता यायचे. फेटा बांधलेले आपल्याकडचे एक होते, ते गावकऱ्यांना फार आवडायचे, कारण पाहुणे वाटायचे. रेडियमवाल्या बाईंचं चित्र काढलं, की एखादी म्हातारी खिडकीतून बघून हात जोडून जायची. आणि चाकाच्या खुर्चीत बसलेले, मान एका बाजूला कललेले एक होते. एका गावच्या शाळा समितीच्या अध्यक्षांनी त्यांच्याकडे बघून मला विचारलं, "ह्यो आजारी माणूस पोरांपुढं कशाला? उभा करा की त्याला." मी म्हटलं, आप्पा, त्यांना उभं राहता येत नव्हतं, त्याचंच तर कौतुक आहे. "चित्रात उभं ऱ्हायाला काय पैसं पडत्यात व्हय?" झालं, मी त्यांना उभं केलं. हातात पुस्तक पण दिलं. हसण्यावारी नेलं तेव्हा, पण आता आठवलं की कसंतरी होतं.

दुसऱ्या एका गावात सरपंचांनी आपल्या वडिलांचा फोटो आणून दिला. शाळेची जागा वडिलांनी दिलेली. "आमच्या आबांस्नी बी बसवा लायनीत," म्हणाले. तर आबा सफरचंदवाल्या साहेबांच्या आणि पांढऱ्या केसांच्या आजोबांच्या मधे बसले, टोपी घालून. तीन-चार वर्षांनी एका पोरानं परीक्षेत 'तीन शास्त्रज्ञांची नावे लिहा' या प्रश्नाला आबांचं नाव लिहिलं आणि सरांनी मार्क दिले, असं ऐकून आहे.

तर आता त्या शाळेकडे येतो.

शाळा आठवीपर्यंत. हेडमास्तर वजनदार. तालुक्यातल्या हेडमास्तरांत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी एका शाळेला 'सुदामला बोलवा' म्हटलं की मला चार शाळा मिळायच्या. प्रयोगशाळेच्या खोलीत त्यांना सहा शास्त्रज्ञ आणि समोरच्या भिंतीवर 'विज्ञानातील न सुटलेली कोडी' असा तक्ता पाहिजे होता. मजकूर आधीच बदली होऊन गेलेल्या एका तरुण विज्ञानाच्या सरांनी लिहून ठेवलेला होता. तो कागद मी चार दिवस भिंतीवर उतरवत होतो, त्यामुळे जन्मात पहिल्यांदाच आपण काय लिहितोय ते मी वाचलं. विश्वात जे आहे त्यातला बहुतेक भाग दिसतच नाही, आणि तो कशाचा आहे हे कुणाला माहीत नाही. काळ पुढंच का जातो, मागं का येत नाही, माहीत नाही. कृष्णविवराच्या आत काय, माहीत नाही. अगदी बारीक कण बघितला की एका तऱ्हेनं वागतो, न बघितला की दुसऱ्याच. दाराशी बसलेल्या एका आबांना मी हे वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "बघितलं की येगळं वागतो? मग त्यो कण न्हाई, आमचा ग्रामसेवक हाय."

एवढे मोठे लोक 'माहीत नाही' असं चारचौघांत लिहून देतात, याचं मला फार नवल वाटलं. आमच्या धंद्यात 'जमणार नाही' म्हणायची सोय नाही. गिऱ्हाईक पळतं.

काम संपत आलं आणि माझी चूक लक्षात आली. पांढऱ्या केसांच्या आजोबांचे चौकोन मी जरा वर धरले होते. त्यांच्या खाली दोन फूट भिंत मोकळी राहिली. बाकीच्या पाचांच्या खाली माहितीच्या ओळी, यांच्याच खाली काही नाही. हेडमास्तर आले, बघितलं आणि म्हणाले, "बोडकं दिसतंय. खाली त्यांचं एखादं वचन टाका."

"वचन द्या सर, टाकतो."

"तुम्हीच बघा की वो कायतरी. इज्ञानाचं पायजे, एवढंच."

हे नवीन नव्हतं. मोकळी जागा भरायला मी कितीतरी सुविचार जागेवर बनवलेत. ते बिननावाचे असायचे, त्यानं कुणाचं काही बिघडत नव्हतं. या वेळी मात्र खाली नाव टाकायचं होतं. मी त्या कोड्यांच्या तक्त्याकडे बघितलं, चहा घेतला आणि निळ्या ऑइल पेंटनं लिहिलं :

'दिसतं ते जग थोडं आहे. न दिसणारं तुमची वाट पाहत आहे.'

खाली आजोबांचं नाव.

ओळ मला इतकी आवडली की मी लांब जाऊन तीनदा वाचली. खरं सांगतो, खाली कोपऱ्यात सही करायला हात शिवशिवत होता. पण थोरांच्या वचनाखाली पेंटरची सही शोभत नाही म्हणून मी ती दाराच्या चौकटीजवळ केली.

मागून आवाज आला. कुणीतरी ती ओळ वाचत होतं, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून. सातवीतली मुलगी होती. दोन वेण्या, हातात पाण्याची बाटली. नाव प्रज्ञा. बुद्धविहारामागच्या वस्तीतली, वडील कारेगावला एका कंपनीत कंत्राटी कामाला. तिनं मला विचारलं, "मामा, ह्ये खरंच ते म्हणले व्हते?"

"मग! येवढा मोठा माणूस," मी म्हटलं.

तिनं दप्तरातून वही काढून ओळ उतरवून घेतली. भिंतीवरचं कुणी वाचत नाही, हा आमच्या धंद्यातला उघड अनुभव आहे. पोरं भिंतीला पाय लावून उभी राहतात, मास्तर खिळा ठोकतात. चाळीस वर्षांत माझं लिहिलेलं वहीत उतरवून घेणारं हे एकच माणूस मला भेटलं, आणि तिच्याशी मी पहिल्याच वाक्याला खोटं बोललो.

पुढं साताठ महिन्यांनी विज्ञान दिनाला शिरूरला तालुक्याची वक्तृत्व स्पर्धा होती. व्यासपीठामागचं कापड मी रंगवलं होतं, म्हणून मागच्या बाजूला उभा होतो. प्रज्ञा बोलायला आली. विषय तोच, न सुटलेली कोडी. मी पुष्कळ भाषणं ऐकली आहेत, पाठ केलेली, हातवारे घोकलेली. ही मुलगी बोलत होती तेव्हा सभागृहात खोकलासुद्धा आला नाही. शेवटी ती थांबली, आणि म्हणाली, 'दिसतं ते जग थोडं आहे...' माझी ओळ होती, आणि टाळ्या पडत होत्या. मी पण वाजवल्या.

परीक्षक दौंडचे निवृत्त प्राध्यापक होते, भौतिकशास्त्राचे. भला माणूस. निकालाच्या वेळी त्यांनी तिला जवळ बोलावून विचारलं, "बाळ, हे वाक्य कुठं वाचलंस? मी आयुष्यभर त्यांचं लेखन वाचत आलो, मला कुठं आढळलं नाही."

"आमच्या शाळंच्या भिंतीवर हाय सर."

"भिंतीवर?" ते हसले. रागानं नाही. म्हणाले, त्यांना सोमवारी त्याच रस्त्यानं जायचं आहे, येऊन बघतील. असेल तर पहिला नंबर तिचा, आणि शाळेला ते वाक्य दुरुस्त करायला सांगतील. नसेल तर मात्र थोरांच्या तोंडी आपलं वाक्य घालणं ही साधी चूक नाही, हे तिनं शिकलं पाहिजे. निकाल त्यांनी राखून ठेवला.

हेडमास्तरांनी मला पायऱ्यांवर गाठलं. "सुदाम, ते वचन कुठून आनलं व्हतं?"

मी सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. प्राध्यापकांचा एक विद्यार्थी शिक्षण खात्यात वर बसलेला, आणि शाळेनं खोटं वचन लिहिलं हे त्याच्या कानावर गेलं असतं. "उद्या रविवार हाय," ते म्हणाले. "कुणी नसतंय. उद्याच्याला ती ओळ तिथं दिसली न्हाई पायजे."

मी 'पण सर, त्या मुलीचं?' असं विचारलं, असं लिहायला फार आवडलं असतं. मी नाही विचारलं. पुढच्या सगळ्या शाळा त्यांच्या शब्दावर होत्या हे खरं. पण त्याहून मोठं कारण म्हणजे ती थट्टा सगळ्या तालुक्यात माझ्या नावावर झाली असती. खोटी वचनं लिहिणारा पेंटर. मला माझ्या सहीची काळजी होती.

रविवारी मी प्राइमरचा हात मारला, वर डिस्टेंपरचे दोन हात, आणि त्यावर ठळक अक्षरांत 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. सोमवारी ओसरीवर नकाशा रंगवायचा राहिला होता, म्हणून मी शाळेतच होतो. प्राध्यापक आले. हेडमास्तर, दोन शिक्षक, पुढं प्रज्ञा. ती जवळजवळ पळतच प्रयोगशाळेत शिरली. मी दारातून बघत होतो.

ती भिंतीसमोर उभी राहिली. मग बाजूच्या भिंतीकडे गेली. मग परत आली, आणि भिंतीवर तळहात ठेवला.

"हितंच व्हतं सर. निळ्या रंगात. सर, रंगाचा वास येतोय."

"शाळंत रंगकाम चालूच हाय," हेडमास्तर म्हणाले.

वर्गातल्या दोन-तीन पोरांना बोलावलं. त्यांनी 'आठवत न्हाई' म्हणून सांगितलं. त्यांना खरंच आठवत नसावं, कारण त्यांनी वाचलंच नव्हतं. तेवढ्यात प्राध्यापकांचं लक्ष माझ्याकडे गेलं. माझ्या हातात ब्रश होता.

"पेंटर, तुम्हीच रंगवली ना ही खोली? इथं आधी काय होतं?"

प्रज्ञानं माझ्याकडे बघितलं. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. आता सुटले, असा. मामा आहेत, मामा सांगतील.

"काही नव्हतं," मी म्हणालो. "मोकळी भिंत होती, सर."

तिच्या चेहऱ्याचं पुढं काय झालं ते मला सांगता येणार नाही, कारण मी ब्रश धुवायला वळलो. ब्रश धुवायची काही गरज नव्हती. मागून प्राध्यापकांचा आवाज ऐकू येत होता. ते तिला समजावत होते, की चूक कबूल करण्यात कमीपणा नसतो, विज्ञानात तर मुळीच नसतो. ती म्हणत होती, "म्या न्हाई बनवलं सर." तीन वेळा म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना कामावरून बोलावून घेतलं, आणि त्यांच्यासमोर तिनं 'मीच बनवलं असंल' असं कबूल केलं, हे मला नंतर कळलं. ती सरपंचाची नात असती तर हेडमास्तरांनी दहादा विचार केला असता, आणि मीही केला असता. हे त्या वेळीही मला ठाऊक होतं.

मला त्या वर्षी अकरा शाळा मिळाल्या.

मधे पंधरा-सोळा वर्षं गेली. बायको गेली, हात थरथरायला लागला, मी लेकीकडे केडगावला राहायला आलो. गेल्या वर्षी उजव्या डोळ्यापुढं धुरकट यायला लागलं. जावई म्हणाले, दौंडला डोळ्यांचा चांगला दवाखाना आहे. गाडीत बसलो आणि गेलो.

डॉक्टरांच्या आधी नंबर तपासायला एका खोलीत बसवतात. समोरच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता, वर मोठी अक्षरं, खाली बारीक होत गेलेली. तपासणाऱ्या बाई पांढऱ्या कोटात, तोंडाला मास्क. म्हणाल्या, "डावा डोळा झाका. वाचा."

अक्षरावर जन्म गेलेला माणूस मी. तिसऱ्या ओळीपासून मला काही दिसेना, पण सांगायची लाज वाटली. वळणावरून अंदाज करायला लागलो. हे 'ग' असेल, हे 'र'. चौथी ओळ तर नुसती ठोकून दिली.

"मामा," त्या शांतपणे म्हणाल्या, "न दिसलेलं सांगू नका. दिसतं तेवढंच सांगा."

मग त्यांनी कागदावर लिहायला नाव विचारलं. मी सांगितलं. पेन थांबलं.

"शिरूरचे? पेंटर?"

त्यांनी मास्क खाली घेतला. मी ओळखलं नाही, एका डोळ्यानं काय ओळखणार. त्यांनीच सांगितलं. मी स्टुलावर बसलो होतो, तिथून उठून जावं असं वाटलं. त्याऐवजी तोंडातून आलं ते असं, "ताई, ती ओळ व्हती भिंतीवर. मीच लिवली व्हती, आन् मीच झाकली."

प्रज्ञा रडली नाही, ओरडली नाही. तिनं पेन कागदावर आडवं ठेवलं. मग म्हणाली, "मला फिजिक्स करायचं व्हतं. बारावीच्या प्रॅक्टिकलला रीडिंग घ्यायची आन् शेजारणीला विचारायची, तुला किती दिसतंय? मला वाटायचं मला नसलेलं दिसतंय. परीक्षेत माझं रीडिंग बरोबर व्हतं. म्या खोडून तिचं लिवलं." पुढं म्हणाली, "ते प्रॅक्टिकल गेलं. मग म्हणलं, दुसऱ्यांचे डोळे तपासू."

मी हात जोडले. ती म्हणाली, "तवा तुम्ही म्हणलात न्हवतं. आज म्हणताय व्हतं. मी कुठलं धरू, मामा?"

इथं धंदा कामाला आला. मी म्हटलं, ओळ ऑइल पेंटची आहे. वर डिस्टेंपर. डिस्टेंपर पाण्यानं सुटतो, ऑइल पेंट सुटत नाही. भिंत पाडली नसेल तर ओळ अजून तिथंच आहे.

भिंत पाडली नव्हती. त्या खोलीत आता मोडकी बाकं आणि खिचडीच्या तांदळाची पोती असतात. ते हेडमास्तर केव्हाच निवृत्त होऊन वारले. नव्या हेडमास्तर बाईंना मी म्हटलं, जुनं काम आहे, बघून परत रंगवून देतो. त्यांनी किल्ली दिली. एका रविवारी सकाळी मी आणि प्रज्ञा तिथं गेलो. सोबत बादली, स्पंज, खरवडायची पत्ती, आणि परत रंगवायचं सामान.

'पाणी अडवा' अजून होतं, फिकट. मी भिंत ओली केली, थोडा वेळ मुरू दिली आणि पत्ती लावली. डिस्टेंपर सालपटासारखा सुटायला लागला. खाली प्राइमर. त्यावर जपून पत्ती फिरवली. ती दोनदा घसरली. एक निळी उभी काठी दिसली, मग तिच्या डोक्यावरची रेघ.

"द्या इकडं," ती म्हणाली.

तिनं माझ्या हातातून पत्ती घेतली. पुढचं सगळं तिनं खरवडलं. मी पाणी मारत होतो. तासाभरात 'दिसतं ते जग' एवढं वर आलं, आणि ती मधेच थांबली. तळहात भिंतीवर ठेवला, त्याच जागी.

"म्हंजी मला दिसत व्हतं," ती म्हणाली.

मी खाली पोत्यावर बसलो आणि रडलो. तिनं मला गप्प केलं नाही. ते बरोबरच होतं. ती खरवडत राहिली. दुसरं वाक्य आलं, मग खाली आजोबांचं नाव आलं. तिथं तिनं पत्ती जोरात चालवली, इतकी की गिलावा उडाला. नाव राहिलं नाही.

"त्यांचं न्हाई ते," ती म्हणाली. "ज्याचं हाय त्याचं लिवा."

मी म्हटलं, "ताई, झाकून टाकू. शाळेला..."

"लिवा."

चाळीस वर्षांत जी सही मी हजारो ठिकाणी डोळे झाकून केली, ती करायला मला पाव तास लागला. ब्रश दोनदा खाली ठेवला. रेघ वाकडी गेली. सुदाम पेंटर, शिरूर. ओळीच्या बरोबर खाली, जिथं थोरांचं नाव असतं तिथं. आधी जी सही करायला हात शिवशिवला होता, तीच ही.

"आता मागं व्हा," प्रज्ञा म्हणाली. "अजून मागं. दारापाशी. डावा डोळा झाका."

मी झाकला.

"खालची ओळ वाचा."

खाली काय आहे हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? रंग अजून ओला होता. पण उजव्या डोळ्याला तिथं नुसता निळसर डाग होता. पाठ असलेलं म्हणून टाकायला एक क्षण लागला असता.

"दिसत न्हाई, ताई," मी म्हणालो.

"नक्की?"

"नक्की. तिथं कायतरी हाय, येवढं कळतंय. अक्षर दिसत न्हाई."

ती दारापाशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. मग तिनं ती ओळ वाचली, मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, आणि न थांबता तिच्याखालचं माझं नावही वाचलं.